जिन्याखालचं पेट्रोल

दिवाळीच्या आधीचा शनिवार आमच्या घरी साफसफाईसाठी राखून ठेवलेला असतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी वर्षभर केरसुणीला हात लावत नाही, पण सांगलीला गेलो की पहिला चहा संपायच्या आत आई हातात खराटा देते आणि मीही निमूटपणे तो घेतो. वर्षभराची पापं एका विकांतात फेडायची पद्धत म्हणा हवं तर.

तर २०२५ च्या दिवाळीआधी माझ्या वाट्याला आलं जिन्याखालचं कपाट. आमचं घर गावभागातलं, जुनं. जिन्याखाली एक लाकडी दारांचं कपाट आहे आणि घरात ज्याला कुठेच जागा नाही ते सगळं तिथे जातं. तुटलेली छत्री, माझी सातवीतली बॅट, २०१९ च्या पुरात भिजून वाळवलेल्या फायली, करवंट्यांचं पोतं, शेणी. आणि या सगळ्याच्या मागे, भिंतीला टेकून, गोडंतेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. त्यावर सूर्यफुलाचं चित्र होतं. कॅनचं पोट असं फुगलं होतं की त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं.

"बाबा, हे काय आहे?"

"पेट्रोल आहे. राहू दे तिथेच." बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. मी जणू साखरेच्या डब्याबद्दल विचारलं होतं.

आता कपाटाच्या पलीकडे काय आहे ते सांगतो. पलीकडे न्हाणीघर. न्हाणीघरात तांब्याचा बंब. एरवी गिझर असतो, पण नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता तो बंब पेटतोच पेटतो. त्याशिवाय दिवाळी झाली असं आईला वाटत नाही. बंबाचं जळण म्हणजे याच करवंट्या आणि शेण्या. म्हणजे दोन दिवसांनी भल्या पहाटे, अर्धवट झोपेत, कोणीतरी या कपाटातून करवंट्या काढणार होतं आणि दहा फुटांवर जाळ करणार होतं. त्यात ताईची दोन्ही पोरं फुलबाज्या घेऊन घरभर पळणार होती.

मी खराटा खाली ठेवला.

*

पहिली चूक माझीच. मला वाटलं, बाबांना पेट्रोलची भीती कळत नाही. तसं नव्हतं. बाबा अत्यंत सावध माणूस. गॅसचं बटण रात्री दोनदा बघतात. त्यांच्या डोक्यातला हिशोब वेगळा होता आणि तो समजायला मला दुपार गेली.

बाबांची पिढी रॉकेलवर वाढली. स्वयंपाकघरात स्टोव्ह, कोपऱ्यात रेशनच्या रॉकेलचा डबा, त्यात पंप. सांडलं तर फडक्याने पुसायचं. वास यायचा, आजी ओरडायची, बास. जाळाच्या शेजारी जळणारा पदार्थ वर्षानुवर्षं ठेवून काही झालं नाही, हा त्यांचा अनुभव आणि तो खोटा नाही. फक्त तो रॉकेलचा अनुभव आहे.

फरक एका आकड्याचा आहे. कुठलंही तेल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. किती तापमानाला पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते, तो त्या तेलाचा फ्लॅश पॉइंट. आपल्याकडे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे साधारण दिवसांत उघड्या डब्यातलं रॉकेल वाफेच्या बाबतीत शांत असतं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास आहे. उणे! म्हणजे सांगलीत सोडा, लेहला जानेवारीतसुद्धा उघड्या कॅनच्या तोंडाशी पेटण्याइतकी वाफ तयारच असते. त्याला कोणी तापवायची गरज नाही, त्याला फक्त ठिणगी हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, दाराखालच्या फटीतून पलीकडे जाते, उंबरा ओलांडते आणि जिथे जाळ असेल तिथे पोचते. आग मग तिथून उलट्या वाटेने कॅनपर्यंत येते. 'पेट्रोल इकडे आणि बंब तिकडे' या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

मी कागद-पेन घेतलं. (बाबांना पटवायचं तर तोंडी चालत नाही, आकडेमोड लागते. निवृत्त गणित शिक्षक!) एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर त्याची साधारण पावणेदोनशे लिटर वाफ होते. हवेत ही वाफ सुमारे दीड टक्का झाली की मिश्रण पेटू शकतं. म्हणजे एका लिटरमधून जवळजवळ बारा हजार लिटर पेटणारी हवा. आमची मधली खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे चौतीस हजार लिटर. म्हणजे एका लिटरमध्ये खोलीचा एक तृतीयांश भाग. आणि वाफ जड असल्यामुळे तो भाग खालचा.

"म्हणजे कमरेपर्यंत," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "मुलांच्या डोक्यापर्यंत."

त्यानंतर वाद झाला नाही.

*

कॅन तिथून काढायचा कसा, हा पुढचा प्रश्न. कपाट उघडल्यापासून मंद वास येतच होता. मी आईला सांगितलं की जिन्याजवळचं बटण दाबू नकोस, लागलेला दिवा लागलेलाच राहू दे. दिवा लावताना जशी बटणात बारीक ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते. वास येतोय म्हणून आपण आधी पंखा लावायला धावतो, ते नेमकं उलटं. आधी दारं-खिडक्या उघडायच्या. आईने गॅस बंद केला, देवघरातलं निरांजन शांत केलं ("शांत केलं"च म्हणायचं, विझवलं नाही!), आणि मी फुगलेला कॅन दोन्ही हातांनी धरून, न हलवता, परसदारी आंब्याच्या सावलीत नेऊन ठेवला. तिकडे कोणी जायचं नाही असं पोरांना बजावलं. झाकण त्या दिवशी उघडलंच नाही. रविवारी पहाटे, उन्हं यायच्या आत, सुती कपडे घालून, तोंड लांब ठेवून, अर्धा-अर्धा आटा सोडवला. फुस्स असा आवाज बराच वेळ येत राहिला. पेट्रोल तापलं की फुगतं, दर दहा अंशांना साधारण एक टक्का. वर त्याच्या वाफेचा दाब. गळ्यापर्यंत भरलेल्या, घट्ट लावलेल्या तेलाच्या कॅनने दोन उन्हाळे कसे काढले, देव जाणे.

आता मला उत्सुकता होती की आत नेमकं काय झालंय. थोडं काचेच्या बरणीत ओतलं आणि उजेडात धरलं. ताजं पेट्रोल स्वच्छ, झळझळीत असतं, वास नाकात घुसतो. हे चहाच्या रंगाचं होतं. वास जुन्या वॉर्निशसारखा, आंबूस. आणि तळाशी बोटभर वेगळा, धुरकट थर.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांची खिचडी आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि गाडी पहिल्या किकला सुरू होते ती त्यांच्याच जिवावर. उरलेल्यांतले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जुळतात आणि चिकट डिंक तयार होतो. तोच कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात जाऊन बसतो. तळाचा थर मात्र पाण्याचा पराक्रम. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ मध्ये देशात त्याचं प्रमाण दहा टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पण त्यालाही मर्यादा असते. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. पाच लिटरला अर्धा टक्का म्हणजे पंचवीस मिली. पाच चमचे.

"कॅन धुऊन घेतला होतात का?"

"मग! तेलकट कॅनमध्ये भरायचं का?" बाबा म्हणाले.

धुतला होता, आणि घाईत वाळवला नव्हता. पाच चमचे तिथेच आले.

हापिसात आमच्याकडे एक म्हण आहे. जो बॅकअप कधी रिस्टोर करून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हेच, ती फक्त श्रद्धा. बाबांचं पेट्रोल तसं होतं. ज्या अडीनडीसाठी ठेवलं त्या दिवशी ते गाडीत घातलं असतं, तर गाडी चार पावलं जाऊन बंद पडली असती. पण गंमत अशी (गंमत कसली!) की गाडीसाठी मेलेलं हे पेट्रोल आगीसाठी ठणठणीत जिवंत होतं. जुनं झालं म्हणजे निवलं, असं आपल्याला उगाच वाटतं. उपयोग संपतो, धोका संपत नाही.

*

आता तुम्ही म्हणाल, माणूस एवढा सावध, तर त्याने हे ठेवलंच का?

मी विचारलं. आधी सरळ उत्तर मिळालं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या संपामुळे पेट्रोल मिळणार नाही अशी हवा झाली होती. महाराष्ट्रभर पंपांवर ही रांग लागली. बाबा दीड तास उभे राहिले, स्कूटरची टाकी भरली आणि कॅनही. बाटलीत आणि कॅनमध्ये पेट्रोल देत नाही अशा पाट्या पंपावर असतात, पण त्या गर्दीत पाटी कोण वाचतो.

"पण संप दोन दिवसांत मिटला की."

"मिटला."

"मग?"

बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला आठवत नसेल. तू दुसरीत होतास."

मला अंधुक आठवतं. रात्री आजीच्या छातीत दुखायला लागलं होतं. फोन लावायचा तो लागेना, रिक्षा मिळेना. बाबांनी आजीला आमच्या चेतकवर मागे बसवलं आणि निघाले. गाडी आधीपासूनच रिझर्व्हला होती, उद्या भरू, उद्या भरू असं चाललेलं. अर्ध्या वाटेत ती बंद पडली. बाबांनी गाडी आडवी कलवून पाहिली (चेतकवाल्यांना हे आसन माहीत असेल), पुन्हा किक मारल्या, काही नाही. मग आजीला तशीच गाडीवर बसवून, एका हाताने तिला धरून, रात्री दोन वाजता त्यांनी गाडी ढकलत नेली. दवाखाना किलोमीटरभर असेल. आजी वाचली, पुढे सहा वर्षं जगली, आणि ही गोष्ट हसत हसत सांगायची, की माझ्या लेकाने माझी पालखी काढली होती.

बाबा कधी हसले नाहीत. त्या रात्रीनंतर आमच्या घरात पेट्रोल नव्हतं असा एकही दिवस गेला नाही. कधी लिटरभर बाटलीत, कधी कॅनमध्ये. चेतक गेली, दुसरी गाडी आली, आजी गेली, पेट्रोल राहिलं. मी वीस वर्षं त्या घरात येत-जात होतो आणि मला पत्ताही नव्हता.

त्या कपाटात पेट्रोल नव्हतंच मुळी. ती रात्र होती, झाकण घट्ट लावून ठेवलेली.

मग मला बाबांना नुसतं "टाकून द्या" म्हणता येईना.

*

टाकून तरी कुठे द्यायचं? आईने पहिला उपाय सुचवला, मोरीत ओत आणि वर दोन बादल्या पाणी. हा उपाय तुमच्या मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, पाण्यावर तरंगतं. गटारातून ते पुढे जातं आणि वाफ बंद नळांत साठते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी हेच झालं. गंजलेल्या पाइपलाइनमधून गळलेलं पेट्रोल गटारात शिरलं. लोक काही दिवस वासाची तक्रार करत होते. मग एका सकाळी किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते खालून फुटत गेले. दोनशेहून जास्त माणसं गेली. आपलं पाच लिटर म्हणजे पाइपलाइन नव्हे, कबूल. पण आपल्या मोरीचं पाणी ज्या गटारात जातं, त्याच्या पुढच्या चेंबरपाशी कोणी बिडी ओढत उभं असेल तर त्याला पाच लिटर खूप झालं.

जमिनीत ओतावं तर आमच्या परसात विहीर आहे. जाळून टाकावं हा विचारही नको. कचरा गाडीवाल्याला विचारलं, तो घाबरला (योग्य माणूस!). कार्यालयात फोन केला तर पलीकडच्या साहेबांनी "गाडीत घाला की," म्हणून ठेवून दिला.

शेवटी उपयोगी पडले आमचे जुने मिस्त्री. तीस वर्षं बाबांच्या गाड्या तेच बघतात. बरणी उजेडात धरून, वास घेऊन त्यांनी निकाल दिला, "गाडीत घालायच्या लायकीचं न्हाई ह्ये. इंजिनाची वाट लावंल. पार्ट धुवायला चालंल." पेट्रोल स्वच्छ असतं, पाण्याचा थर नसता, दोन-चार महिन्यांचंच असतं, तर भरत आलेल्या टाकीत थोडं थोडं मिसळून संपवता आलं असतं, असंही म्हणाले. ते येताना पत्र्याचा कॅन घेऊन आले. तो जमिनीवर ठेवला, धातूचं नरसाळं त्याच्या तोंडाला टेकवलं आणि हळूहळू ओतलं. धार उंचावरून सोडली की स्थिर वीज साठते आणि कधीकधी तीच ठिणगी होते. पंपावर कॅन डिकीत ठेवून भरू नये, खाली जमिनीवर ठेवावा, तो याचसाठी. वर बोटभर जागा ठेवून झाकण लावलं. हे सगळं कुठल्या पुस्तकात न वाचता त्यांचे हात करत होते. पैसे घेतले नाहीत. चहा आणि चकली घेतली.

उरला रिकामा कॅन. "चांगला आहे, घासून घेते, फिनेलला होईल," आई. मी जवळजवळ किंचाळलो. रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत उरते ती नुसती वाफ आणि हवा. तो झाकण काढून परसात, जाळापासून लांब, दोन दिवस पडू दिला आणि मग कापून टाकला.

*

जाता जाता, कायदा काय म्हणतो तेही पाहून ठेवलं. १९३४ चा पेट्रोलियम कायदा अजून लागू आहे. विकण्यासाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला परवाना लागत नाही. पण भांडं काच, चिनीमाती किंवा धातूचं आणि घट्ट बुचाचं हवं. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस. प्लॅस्टिकचा त्यात उल्लेखच नाही, १९३४ मध्ये कोणाच्या घरी गोडंतेलाचे कॅन होते! परवानगी आहे म्हणून ठेवावं असं मात्र नाही. ठेवायचंच असेल तर राहत्या घराबाहेर, सावलीत, पत्र्याच्या कॅनवर तारीख लिहून, आणि दोन-तीन महिन्यांत गाडीत घालून संपवायचं. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. तहानलेलं पोर लेबल वाचत नाही. आणि नळीने तोंडाने ओढायचं तर अजिबात नाही. (मी कॉलेजात ओढलंय, बाबांनी तर शंभरदा.) घोटभर फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखी गत होते. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, कारण येताना ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. थेट दवाखाना.

आणि बाबांची ती रात्र?

त्यावर आम्ही रविवारी दुपारी जेवल्यावर बोललो. शेवटी ठरलं ते असं. पेट्रोल ठेवायची सगळ्यांत चांगली जागा गाडीची टाकी, ती त्याचसाठी बनवलेली असते. तेव्हा टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. काटा मध्यावर आला की पंप. म्हणजे घरात कायम दोन-अडीच लिटर आहे आणि ते दर आठवड्याला ताजं होतंय. शिवाय जिन्याजवळच्या भिंतीवर बाबांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला. १०८, डॉक्टर, गल्लीच्या तोंडाशी राहणारे रिक्षावाले काका. "१०८ तेव्हा नव्हती," ते म्हणाले. खरंच नव्हती, महाराष्ट्रात ती २०१४ ला आली.

नरक चतुर्दशीला पहाटे बंब पेटला. करवंट्या मीच काढून दिल्या. कपाट उघडताना नाक आपोआप पुढे गेलं. धूळ, शेणी, जुनी बॅट. दुसरा कसलाही वास नव्हता.

पुण्याला परत आलो आणि सोसायटीच्या बेसमेंटमध्ये माझी बाईक दिसली. वर्क फ्रॉम होमच्या कृपेने ती पाच महिने हलली नव्हती. टाकीत तीन-चार लिटर असेल. कशाला ठेवलंय? लागलं तर असावं म्हणून.

किक मारली. नाही झाली सुरू.

असो. या शनिवारी मिस्त्री शोधतोय.